वरकस : मुलुंडच्या एका डोंगरउतारावरच्या मातीचं प्रकरण

मुलुंड पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीला लागून एका संस्थेची साडेतीन एकर जागा आहे. सगळी उताराची. वरच्या कडेला कातळ उघडा पडलाय, मध्ये गवत आहे आणि पायथ्याला जुन्या भातखाचरांचे बांध अजून ओळखू येतात. जुलै २०२२ मध्ये तिथे ४०० रोपं लावली होती : वड, पिंपळ, कडुनिंब, बहावा, ताम्हण, जांभूळ. मे २०२३ मध्ये मोजली तेव्हा ३१ जिवंत होती. संस्थेच्या मंडळातल्या एका बाईंनी मला फोन केला. "मॅडम, माती तपासून घेतली होती हो, अहवाल चांगला आलाय. मग झाडं का मरतात? एकदा येऊन बघाल का?"

माझी सगळी नोकरी मृदा सर्वेक्षणात झाली. निवृत्तीनंतर मुलुंडलाच राहते आणि हा डोंगर रोज खिडकीतून दिसतो. त्यामुळे लगेच हो म्हटलं.

आधी अहवाल मागून घेतला. सामू ५.९, म्हणजे किंचित आम्ल. सेंद्रिय कर्ब 'जास्त' या गटात. पालाश मध्यम, स्फुरद कमी. कोकणच्या डोंगरमातीचं हे अगदी ओळखीचं चित्र आहे. धो धो पावसात चुना आणि मॅग्नेशियम धुऊन जातात आणि लोह मागे राहतं. ते लोह स्फुरदाला धरून ठेवतं, म्हणून मातीत स्फुरद असला तरी मुळांना मिळत नाही. कर्ब जास्त दिसतो तो गवताच्या मुळांमुळे. आकड्यांत काही चूक नव्हती. चूक होती ती अहवालाकडून नको ती अपेक्षा ठेवण्यात. प्रयोगशाळेत माती जाते ती वाळवून, कुटून, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून. चाळणीवर जे राहतं ते फेकून देतात. या उतारावर चाळणीवर राहणारे दगडगोटेच मातीचा तिसरा हिस्सा आहेत! शिवाय नमुना वरच्या १५ सेंटिमीटरचा घेतात, त्याच्याखाली काय आहे याबद्दल कागद गप्प असतो. म्हणजे डबीतली माती उत्तम होती, पण ती डोंगरावर किती आहे हे कोणी विचारलंच नव्हतं.

तीन खड्डे

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तीन ठिकाणी खणलं : माथ्याजवळ, मधल्या उतारावर आणि पायथ्याला. संस्थेचे दोन माळी होते, आणि जवळच्या पाड्यावरचे एक वारली आजोबा सोबत आले. त्यांच्या लहानपणी याच उतारावर गवत कापायला माणसं लागायची. जागा बघताच ते म्हणाले, "हे वरकस हाय, ताई. इथं भात नाय पिकत."

वरकस हा शब्द ऐकून मला फार बरं वाटलं. ठाणे-कुलाबा (आताचा रायगड) भागात शेतकरी जमिनीचे दोन ठळक भाग करतो : खाचर आणि वरकस. खाचरात भात. वरकसात गवत, आणि जमलं तर फिरतीने नाचणी-वरी. भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजायला, म्हणजे जमिनीवर पालापाचोळा जाळून ती तयार करायला, गवत, पाला, फांद्या यायच्या त्या वरकसातून, म्हणजे खाचर वरकसाच्या जिवावर पिकायचं. सातबाऱ्यावर अशी जमीन कितीदा 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून लागते, आणि मग शहरातल्या माणसाला ती मोकळी, पडीक, काहीतरी करून घ्यायची जागा वाटते. सातबाऱ्यातल्या त्या एका शब्दाने कोकणातल्या गवताळ उतारांचं किती नुकसान केलंय, हे मी नोकरीत बघत आले.

माथ्याजवळ कुदळ सात सेंटिमीटरवरच खणखणली. तो खड्डा तिथेच संपला.

मधल्या उतारावरचा खड्डा मात्र नीट बघण्यासारखा होता. वरचे नऊ सेंटिमीटर गडद तांबूस तपकिरी, भुसभुशीत, आणि गवताच्या बारीक मुळांनी असे विणलेले की ढेकूळ उचललं तर सुटत नव्हतं, लोंबत होतं. त्याखाली बावीस सेंटिमीटरपर्यंत जास्त तांबडी माती, चिकणपणा थोडा वाढलेला, मध्ये मध्ये टोकदार दगड. ओली करून अंगठा आणि बोट यांमध्ये दाबली तर साधारण तीन सेंटिमीटरची फीत होऊन तुटत होती, म्हणजे चिकण पोयटा. बावीसच्या खाली माती संपून पिवळट मुरूम लागला, नखाने खरवडता येईल असा. त्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल गोटे होते. बेसॉल्ट असाच झिजतो : भेगांतून पाणी शिरतं, कोपरे आधी कुजतात, आणि चौकोनी दगडाचा आतला गोळा तेवढा शिल्लक राहतो. एक गोटा आजोबांनी हातोडीने फोडला, तर पापुद्र्यांच्या आत काळाभोर, ताजा खडक निघाला. पंचेचाळीस सेंटिमीटरवर सलग कातळ लागला.

मृदावर्गीकरणात पन्नास सेंटिमीटरच्या आत कठीण खडक लागला की त्या मातीच्या नावाआधी 'लिथिक' लावतात. ही माती एंटिसॉल गटातली, म्हणजे कोवळी, जिच्यात थर अजून नीट वेगळे झालेले नाहीत. खडक दख्खनच्या लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांचा. एवढ्या जुन्या खडकावर माती कोवळी कशी, असं माळ्यांपैकी एकाने विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. उतारावर माती तयार होते आणि वाहूनही जाते. तयार व्हायला एका सेंटिमीटरला शेकडो वर्षं लागतात, आणि न्यायला एक वाईट पावसाळा पुरतो. दोन्ही गोष्टी जवळपास बरोबरीत चालल्या की मातीचं वय वाढतच नाही. तिथे जे बावीस सेंटिमीटर आहेत ती गवताने साठवलेली शिल्लक आहे.

पायथ्याचा खड्डा नव्वद सेंटिमीटर गेला तरी खडक लागला नाही. माती जास्त काळपट, जड, दगड जवळजवळ नाहीत. वरून शतकानुशतकं वाहत आलेली माती खाचरांच्या बांधांनी इथे अडवली होती. एकच डोंगर, एकच खडक, आणि पन्नास-साठ मीटरच्या अंतरात तीन वेगवेगळ्या जमिनी.

मग जिवंत झाडांची जागा नकाशावर मांडली. ३१ पैकी २६ पायथ्याला होती. पाच मधल्या उतारावर, आणि त्यांतल्या एका बहाव्याच्या बुंध्याशी हलकेच उकरून बघितलं तर मूळ थेट कातळाच्या फटीत उतरलेलं. नशीब त्याचं.

पाण्याचा हिशेब

मंडळाच्या बैठकीत मी फळ्यावर एक साधा हिशेब मांडला, कारण त्याच्याशिवाय हे पटणं अवघड होतं. अशी माती दर सेंटिमीटर खोलीला झाडाला घेता येईल असं साधारण १.६ मिलिमीटर पाणी धरते. खोली २२ सेंटिमीटर. त्यातले एक तृतीयांश दगड वजा केले की खरी माती पंधरा सेंटिमीटरच्याही आत. म्हणजे सुमारे २३ मिलिमीटर पाणी. मुलुंडला पावसाळ्यात २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि पावसाने पाठ फिरवली त्या दिवशी उताराच्या खिशात असतात २३ मिलिमीटर. ऑक्टोबरच्या उन्हात दिवसाला चार ते पाच मिलिमीटर उडतं. पाच-सहा दिवसांत खिसा रिकामा. मुरमाच्या भेगांत अजून थोडी ओल असते, पण ती मूळ तिथवर पोचलेल्यालाच मिळते.

मंडळातल्या एका काकांनी लगेच विचारलं, "मग खड्डे मोठे केले होते ना आपण? दोन फूट बाय दोन फूट, मशीनने." केले होते, आणि तिथेच घोळ झाला होता. मशीनने मुरूम फोडून कातळापर्यंत चौकोनी खड्डे पाडले, वर बाहेरून आणलेली तांबडी माती भरली. चारी बाजूंना घट्ट मुरूम, खाली अखंड कातळ. पावसाळ्यात तो खड्डा नसून हौद होतो. माळ्यांनीच सांगितलं की ऑगस्टमध्ये खड्ड्यांत पाणी उभं होतं, रोपांची पानं पिवळी पडली होती, आणि त्यांना वाटलं खत कमी पडलं. मुळं तेव्हाच कुजली होती. जी वाचली ती डिसेंबरात सुकली, कारण कुजलेल्या मुळांना असलेलं पाणीही ओढता येत नाही. जे रोप ऑगस्टमध्ये बुडालं, तेच डिसेंबरात तहानेने गेलं. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे, आणि टँकर वाढवून किंवा खत घालून ते सुटणारं नव्हतं.

बाहेरच्या मातीबद्दल जास्त लिहीत नाही. तिच्यातून रानमोडी हे तण आलं, तीही ढिगाने, आणि पहिल्या जोराच्या पावसात निम्मी भर खालच्या गटारात गेली.

समतल चरांचं, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे, एका पातळीत खणलेल्या चरांचं, मात्र सांगायला हवं. कोणीतरी दुष्काळी भागातली कामं बघून मधल्या उतारावर दोन चर खणून घेतले होते. पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या आणि खोल मुरमाच्या प्रदेशात चर सोन्यासारखं काम करतात. इथे एका दिवसात दोनशे मिलिमीटर पडतो. चर भरून वाहिला, कमकुवत जागी फुटला, आणि सगळं पाणी एका धारेने सुटलं. गुडघाभर खोल घळ पडली, तळाला कातळ दिसत होता. गवताची वीण एकदा कापली की या मातीला धरायला दुसरं काही नाही.

गवत काय करतं

घळीच्या दोन्ही बाजूंना गवताचे ठोंब छोट्या ओट्यांवर बसल्यासारखे दिसत होते, बोटभर उंच. लोकांना वाटतं ठोंब वर आलाय. ठोंब जागेवरच असतो, आजूबाजूची माती तेवढी खाली गेलेली असते. दगडांखालीही तसंच : सपाट दगड मातीच्या बारीक खांबावर तोललेला. पावसाच्या थेंबांनी भोवतालची माती उडवून नेली, दगडाखालची राहिली. पट्टी घेऊन ही उंची मोजली की किती माती गेली याचा अंदाज जागच्या जागी येतो. आम्ही वीस ठोंबांना रंगाचे खुंट ठोकले आणि उंची लिहून ठेवली.

मग डब्याचा प्रयोग. दोन्ही तोंडं कापलेला, दहा सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा जमिनीत दोन बोटं ठोकायचा आणि अर्धा लिटर पाणी ओतायचं. एवढ्या तोंडाच्या डब्यात अर्धा लिटर म्हणजे जवळपास साडेसहा सेंटिमीटर पाणी. गवतात नऊ मिनिटांत जिरलं. तिथून तीन पावलांवर बकऱ्यांच्या वाटेवर तासाभरानंतरही बोटभर उभं होतं. माती तीच, खोली तीच, खुरांनी तेवढी पोकळी मिटवलेली.

उतारावर कुसळी जास्त होती, शेडा आणि मारवेल जुन्या बांधांच्या कडेला थोडं. दख्खनच्या गवताळ प्रदेशाचा मूळ गट शेडा-मारवेलचा मानतात. चराई आणि आगी वाढल्या की शेडा मागे हटतो आणि कुसळी पुढे येते, म्हणून कुसळीचा पट्टा दिसला की मी त्या जमिनीची विचारपूस करते. पण कुसळीला कमी लेखू नये. तिचं एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर थुंकीचा थेंब लावला की ते पीळ सोडत फिरायला लागतं. वाळलं की पुन्हा पीळ घेतं. दवाने ओलं, उन्हाने कोरडं, असं फिरत फिरत बी स्वतःला मातीत स्क्रूसारखं बसवतं. बावीस सेंटिमीटर मातीत, आठ महिने पाण्याविना राहायचं तर असंच जगावं लागतं : ऑक्टोबरच्या आत बी धरायचं, वरचं वाळू द्यायचं आणि ठोंबात जीव राखायचा. कडुनिंबाला हे कोण शिकवणार?

आजोबा गवताबद्दल बोलले ते पैशांच्या हिशेबात. ठाणे जिल्ह्यातलं डोंगराचं गवत वखारींत दाबून, गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. शहरातल्या घोडागाड्या आणि दुभत्या म्हशी या मातीवर जगल्या. १९४५ च्या वारली लढ्यातली एक ठळक मागणीच अशी होती की पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मिळाले पाहिजेत. चर्नी रोडचं नाव गुरांच्या चरणीवरून पडलं असंही सांगतात. या शहराला गवताची आठवण राहिली ती फक्त नावांत, आणि म्हणूनच बहुधा गवताळ उतार बघितला की आपला हात रोपाच्या पिशवीकडे जातो.

एक भाबडी समजूतही इथेच बाजूला करते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासून डोंगर हिरवे ठेवले की पूर येणार नाहीत असं बोललं जातं. २३ मिलिमीटर धरणारी माती ९४४ मिलिमीटर अडवू शकत नाही, तसं वचन तिच्या नावावर देऊ नये. ती करते ते वेगळं : ती स्वतः वाहून जात नाही, त्यामुळे खालचा नाला गाळाने भरत नाही आणि दरड सैल होत नाही. गवताची वीण शाबूत असेल तोवर.

काय ठरलं

बैठक सोपी नव्हती. ज्यांनी रोपांना पैसे दिले होते त्यांना झाडांची संख्या हवी होती, आणि 'गवत राखलं' असं लिहिलेल्या फलकाचा फोटो कोण काढणार, हा प्रश्न त्यांनी तळमळीनेच विचारला. मी म्हटलं, पायथ्याला ७० झाडं लावू आणि ती ७० जगवून दाखवू. मधल्या उताराला आणि माथ्याला हात लावायचा नाही. कातळाच्या फटी आहेत तिथे कांडोळ आणि सावर आपणहून येतात, आलेली राखायची. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणाऱ्या कारवीच्या झुडपांची बेटं वरच्या कडेला होतीच. आजोबांनी दोन अटी घातल्या : गवत दिवाळीनंतर, बी झडल्यावरच कापायचं, आणि कापलेलं गवत पाड्यावरच्यांना न्यायला द्यायचं. बदल्यात जानेवारीपर्यंत बकऱ्या वर येणार नाहीत, ही जबाबदारी त्यांनी पाड्याकडून घेतली. ही देवाणघेवाण लेखी झाली नाही, तरी आजवर पाळली गेली.

आगीचं काम सगळ्यात आधी केलं. नोव्हेंबर ते मे हे डोंगर पेटत राहतात. ३ डिसेंबर २०१८ ला गोरेगावच्या बाजूला लागलेली मोठी आग अनेकांच्या लक्षात असेल. गवत एकदा जळलं म्हणून ते मरत नाही, ठोंब पुन्हा फुटतो. पण दर वर्षी जळलं तर जूनमध्ये पहिला पाऊस उघड्या राखेवर पडतो, आणि तो पहिला पंधरवडा सगळ्यात जास्त माती नेतो. दिवाळीनंतर रस्त्याच्या कडेने तीन मीटर रुंद जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढून उघडी ठेवलेली पट्टी, साफ करायला लागलो. सिगारेटचं थोटूक तिच्यापलीकडे गेलं नाही, तर अर्धी लढाई जिंकली.

पहिल्या वर्षी मला धाकधूक होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये खुंट मोजले तेव्हा काही ठोंबांची उंची अजून वाढलेली होती, माती जातच होती. दुसऱ्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, वीसपैकी चौदा ठिकाणी उंची तेवढीच राहिली होती आणि तीन ठिकाणी वाळक्या गवताचा चुरा आणि बारीक माती साठून कमी झाली होती. उरलेली तीन बकऱ्यांच्या जुन्या वाटेवरची, तिथे अजून सुधारणा नाही. त्याच पावसाळ्याअखेरीला वरची कारवी फुलली, आठ वर्षांनी, आणि मंडळातले ते फोटोचा प्रश्न विचारणारे गृहस्थ सहकुटुंब वर चढून आले. पायथ्याच्या ७० पैकी ६३ झाडं उभी आहेत.

घळ तशीच आहे. तिच्यात दगडांचे तीन छोटे बांध रचले, हाताने, गोण्या न वापरता. वरच्या बांधामागे आठ-नऊ सेंटिमीटर माती धरली गेलीय आणि त्यात शेड्याची चार रोपं उगवली आहेत, बहुधा कडेच्या बांधावरून वाऱ्याने आलेल्या बियांची. खालचे दोन बांध मात्र गेल्या जुलैत सुटले. या जूनमध्ये ते थोडे रुंद करून रचायचे आणि दोन्ही कडांनी तिथल्याच गवताचे ठोंब वीतभर अंतराने लावायचे ठरलंय. ठोंब काढायची जागा आजोबांनी दाखवून ठेवली आहे. बाहेरून माती आणायची नाही, हे मंडळाच्या इतिवृत्तात लिहून घेतलं आहे.